साडेअकरानंतरची लाईन

"टोपी कुठं गेली?"

मी टेबलाखाली पालथी पडून हे कुणाला विचारलं, मलाही माहीत नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कॉम्प्युटरच्या मागून निघालेल्या काळ्या केबलच्या टोकाला काल संध्याकाळी मी स्वतः पितळी टोपी फिरवून बसवली होती. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू, पण ती नसेल तर त्या जुन्या पद्धतीच्या जोडणीत एकही यंत्र दुसऱ्याला ओळख देत नाही. सकाळी तिन्ही कॉम्प्युटर चालू केले, तर तिघेही एकमेकांना अनोळखी. तपासत तपासत शेवटच्या टोकाशी आले आणि बघते तो टोपी गायब.

मी उठले, गुडघे झाडले आणि मला एकदम तात्या तोडकर आठवले.

गोष्ट दोन हजार एक सालच्या नोव्हेंबरातली. आजऱ्याच्या पुढं डोंगरात जांभूळखोरे नावाचं धरण आहे. तिथल्या पाटबंधारे उपविभागाच्या ऑफिसात कोल्हापूरच्या मंडळ कार्यालयाने वापरून टाकलेले तीन कॉम्प्युटर आले होते. आमच्या कोल्हापूरच्या कंपनीला काम मिळालं होतं, की ते तिन्ही आपापसात जोडायचे आणि टेलिफोनच्या तारेवरून मंडळ कार्यालयातल्या कॉम्प्युटरशीही जोडायचे. म्हणजे धरणाची पातळी, सांडव्याचा विसर्ग असले आकडे तिकडच्या माणसाला आपल्या जागेवरून पाहता येतील. कंपनीत आम्ही चौघं होतो. बाकी तिघांनी धरणाचं नाव ऐकूनच काहीतरी कामं काढली, म्हणून मी गेले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. ऑफिसात सगळे मला शेटे मॅडम म्हणायचे आणि मागं वळून बघायचे, मॅडमबरोबर कुणी साहेब आलाय का म्हणून.

पहिल्याच दिवशी शाखा अभियंता मगदूम साहेबांनी मला बाजूला घेतलं. पस्तिशीचे, नीटनेटके, सहाच महिन्यांपूर्वी बदलून आलेले.

"मॅडम, एक सांगून ठेवतो. ते वायरलेसवाले तात्या आहेत ना, त्यांच्यावर जरा नजर असू द्या."

"का?"

"तीस वर्षं झाली, धरणाची पातळी ते बिनतारी सेटवरून कळवतात. तुमची लाईन चालू झाली की त्यांची जागा रद्द. बदली होणार पार तिकडं, दुसऱ्या खोऱ्यात. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. माणूस गप्प आहे, पण गप्प माणसाचं सांगता येत नाही."

आणि टेलिफोनची तार नेमकी वायरलेसच्या खोलीत येत होती. त्यामुळे मोडेम आणि मुख्य कॉम्प्युटर तात्यांच्या सेटशेजारीच मांडावा लागला.

विश्वास तोडकर हे त्यांचं नाव, पण सगळी वसाहत त्यांना तात्या म्हणायची. उंच, किंचित वाकलेले, मिशी नसलेले. त्या भागातल्या त्यांच्या वयाच्या माणसाला मिशी नसणं मला जरा वेगळं वाटलं होतं. मी काम करत असताना ते आपल्या खुर्चीवर बसून माझ्या हातांकडे एकटक पाहत राहायचे. दुसऱ्या दिवशी मी जेवून परत आले तर ते माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे होते आणि त्यांचा हात कळफलकावर होता. मला पाहून त्यांनी तो तव्यावरून ओढावा तसा ओढून घेतला.

"तात्या, याला हात लावायचा नाही. सेटिंग बिघडतं."

"न्हाई, न्हाई," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

म्हणून तिसऱ्या दिवशी टोपी गेल्यावर मी फार विचार केला नाही. तात्या अंगणात नळावर तांब्या विसळत होते. मी तरातरा गेले आणि चारचौघांदेखत बोलले.

"तात्या, टोपी द्या."

"कसली टोपी?"

"केबलच्या टोकाची. तुम्ही काढलीय. तुमची बदली होऊ नये म्हणून माझं काम अडवून काय होणार? आज नाही तर उद्या लाईन चालू होणारच आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. चिडले नाहीत, हीच मला जास्त टोचणारी गोष्ट होती. हळू म्हणाले, "बदलीच्या अर्जावर मी संमती दिलीय, मॅडम. गेल्याच आठवड्यात. लाईन व्हावी असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसंल." आणि तांब्या उचलून आपल्या क्वार्टरकडे चालू लागले.

एवढ्यात झाडणाऱ्या हौसाबाई केरसुणी टेकवून पुढं आल्या.

"ती पितळंची बारकी डबी म्हंतायसा काय? सकाळी झाडताना लोंबकळत हुती वायरीला. आता पडंल न् कुणाच्या पायाखाली जाईल, म्हणून मी काढून दत्ताच्या फोटोम्होरं ठेवली की!"

टोपी खरंच तिथं होती. उदबत्तीच्या राखेत, दोन शेवंतीच्या फुलांच्या मध्ये.

ती पुसून, जागेवर बसवून, तिन्ही यंत्रं पुन्हा एकमेकांना ओळखू लागेपर्यंत बारा वाजले. माझं मन मात्र जागेवर येईना. चार वाजता मी तात्यांच्या क्वार्टरवर गेले.

दार उघडंच होतं. दोन खोल्या, एका माणसाचा संसार. दोरीवर दोनच कपडे आणि चुलीपाशी एकच ताट पालथं घातलेलं. तात्या जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यापुढं जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं पसरलं होतं. त्यावर त्यांनी निळ्या पेनाने चौकोन आखले होते, आणि चौकोनांत इंग्रजी अक्षरं. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. अगदी खालची लांब पट्टीसुद्धा. कॉम्प्युटरचा कळफलक होता तो, हुबेहूब. ते उजव्या हाताच्या एका बोटाने कागदावरची अक्षरं दाबत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते.

मला पाहून त्यांनी कागद मागं सरकवला, पण आता लपवून उपयोग नव्हता.

"काल तेवढंच बघत हुतो," ते म्हणाले. "शेवटची ओळ पाठ राहत नव्हती. यंत्राला हात लावू नका म्हणालासा, म्हणून मग घरीच..."

"तात्या, माझं चुकलं. मी सकाळी नको ते बोलले."

"राहू द्या. चहा घेणार?"

त्यांनी चहा केला. मी तो कागद जवळ ओढून पाहिला. एकच अक्षर चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं. त्यांनी लगेच तिथं पेनाने गिरवून घेतलं.

"कशासाठी शिकताय? बदलीच्या ठिकाणी कॉम्प्युटर आहे का?"

"न्हाई. एक काम हाय," एवढंच म्हणाले. मग विषय बदलावा तसं त्यांनी विचारलं, "तुमची लाईन लागत का न्हाई?"

हे दुसरं दुखणं होतं. दोन दिवस मी मंडळ कार्यालयाला मोडेम लावत होते. दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर दोघांनी आधी बोलण्याची एक रीत ठरवावी लागते. आमच्या धंद्यात तिला प्रोटोकॉल म्हणतात. मोडेम आधी किंचाळतात, घसा खाकरतात, आणि रीत जुळली की गप्प होऊन कामाला लागतात. आमचे किंचाळायचे, खाकरायचे आणि तिथंच तुटायचे. तिकडच्या वडणगेकर बाबूंना फोन करून मी म्हणायचे, तुमच्या ऑपरेटर बाईंना द्या, म्हणजे सेटिंग मिळवून पाहते. ते दर वेळी म्हणायचे, "त्यांना फोनवर देता येत नाही. मला सांगा, मी लिहून देतो त्यांना." एवढी कोण लागून गेली ही बाई, असं मला व्हायचं.

"वेग कमी करून पाहिला, सगळं करून पाहिलं," मी तात्यांना सांगितलं. "लाईनवर आवाज आहे कसला तरी."

"आवाज हाय तर. पंपाचा हाय तो."

"पंपाचा?"

"टेलिफोनचे खांब पंपहाऊसच्या अंगानं आल्यात. उपसा पंप चालू असला की तारेत घूंऽऽ असं बारीक घुमतं. माणसाच्या बोलण्याला त्याचं काही वाटत न्हाई, पण तुमच्या यंत्राचा सूर मोडतो. मी दोन दिवस ऐकतोय. तिसऱ्या शिट्टीला मोडतो, बरोबर?"

बरोबर होतं. तिसऱ्या शिट्टीलाच.

"शेतीची लाईट साडेअकराला जाती. पंप बंद. मग दुपारी दोनपर्यंत तार आरशासारखी असती. उद्या साडेअकरानंतर लावा."

"हे तुम्ही मला परवाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं न्हाई," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले.

चौथ्या दिवशी अकरा वाजल्यापासून तात्या दाराशी उभे होते, पंपहाऊसच्या दिशेने कान लावून. धुतलेला शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. साडेअकराला त्यांनी नुसता हात वर केला. मी नंबर फिरवला. पहिली शिट्टी, दुसरी, मग तिसरी... मोडेम घसा खाकरला आणि एकाएकी गप्प झाला. त्याच्या तोंडावरचे लाल दिवे एकेक करून लागले.

तेव्हा चाचणीसाठी एक साधा प्रोग्राम असायचा. लाईन जुळली की एका टोकाला टाईप केलेलं दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर अक्षर-अक्षर उमटायचं. मराठी लिहायचं तरी इंग्रजी अक्षरांतच. मी टाईप केलं, "जांभूळखोरे ऑफिस. चाचणी."

क्षणभर काहीच नाही. मग काळ्या पडद्यावर अक्षरं चालत आली. भराभर, एकही चूक नसलेली.

"मंडळ कार्यालय. स्पष्ट दिसते. रीडिंग द्या."

मी रीडिंग दिलं. तिकडून "मिळाले" आलं. माझं काम झालं होतं. खुर्चीत मागं रेलले, तर तात्या अगदी खांद्याशी उभे.

"मॅडम, मी बसू? दोन मिन्टं."

माझ्या कामात हे बसत नव्हतं. लाईन चाचणीसाठी उघडली होती, कुणाच्या हौसेसाठी नाही. पण सकाळी धुतलेला तो शर्ट मला दिसत होता. मी उठले.

"तुम्ही जाऊ नका," ते बसता बसता म्हणाले. "काही चुकलं तर सांगा."

त्यांनी बोट कळफलकावर धरलं. पाच अक्षरांना त्यांना बराच वेळ लागला.

"संजू."

पलीकडून काही आलं नाही. मग आलं, "कोण? मगदूम साहेब?"

"नाही. बाबा."

पडदा तसाच राहिला. कर्सर लुकलुकत होता. मला आत्ता कुठं उलगडा होऊ लागला होता.

"खोटे," पलीकडून आलं. "बाबांना येत नाही हे. कोण आहे?"

तात्यांनी माझ्याकडे मान वळवली. "पटंना तिला. काय खूण सांगू?" मी काही सांगण्याआधीच ते पुन्हा वळले आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागले. त्या ओळीला चारेक मिनिटं लागली असतील. पलीकडून मधे एकही अक्षर आलं नाही.

"तुझ्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. आईची पण तशीच होती."

उत्तर लगेच आलं.

"बसा. उठू नका. मी दार लावून येते."

ती दार लावून येईपर्यंतच्या मिनिटात तात्यांनी मला सांगितलं. पडद्यावरून नजर न काढता, तुटक तुटक.

संजीवनी त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मापासून ऐकू येत नाही. मिरजेच्या शाळेत शिकली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, अपंगांच्या कोट्यातून मंडळ कार्यालयात लागली. तिच्यासारख्याच मुलाशी लग्न केलं आणि तिकडंच घर केलं.

"शाळेत त्यांनी तिला ओठांवरनं वळखायला शिकवलं. पण माझं बोलणं असं तोंडातल्या तोंडात. सेटवर बोलायची सवय, ओठ हलतच न्हाईत. मिशीमुळं दिसत नसंल म्हणून मिशी काढली. तरी न्हाई जमलं. तिच्या आईचं आन् तिचं मात्र हातानं चालायचं सगळं. काय झालं, काय पायजे, कुणाला हसायचं, सगळं. मला काही सांगायचं असलं की मी हिला सांगायचो, ही तिला सांगायची. तिचं बी तसंच, हिच्याकडनं. कधी हात शिकावं असं वाटलंच न्हाई, ही हुती की. तीन वर्षांमागं ही गेली." ते थांबले. "दिवाळीला येती संजू. चार दिवस ऱ्हाती. जेवतो, एकमेकांकडं बघतो, हसतो. पत्रं लिहितो आम्ही, न्हाई असं न्हाई. पण पत्रात सगळं खुशालच असतं, मॅडम."

"तिनंच दाखवलं मला ह्या दिवाळीत," ते पुढं म्हणाले. "हवेत अशी बोटं नाचवली, मग इकडं बोट केलं, मग स्वतःकडं. म्हणजे इथलं यंत्र तिच्यापाशी बोलणार. तवा कळलं."

पडद्यावर अक्षरं आली.

"आले. बाबा, जेवलात का?"

मग ते बोलू लागले. ती भराभर लिहायची आणि थांबायची. तात्या एका बोटाने, ओठ हलवत. मी वाचू नये म्हणून खिडकीकडे जायचे, तर ते बोलवायचे, "ह्ये अक्षर कुठं गेलं बघा की." भाकरी कोण करून देतं? स्वतःच. गुडघा कसा आहे? उतरताना दुखतो. तिच्या घरी काय? नवऱ्याला छपाईच्या कारखान्यात बढती मिळाली होती, पत्रात लिहायचं राहून गेलं होतं. तात्यांची बदली होणार हेही पत्रात लिहायचं राहून गेलं होतं.

बाराला सेट वाजला. खरखरत्या आवाजात मंडळाचा माणूस पुकारू लागला, "जांभूळखोरे, जांभूळखोरे..." रोज बाराला पातळी सांगायची ती वेळ. तात्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला तसे मगदूम साहेब दारात आले.

"तात्या, सेट वाजतोय! ऐकू येत नाही का?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना राग आला असावा, तरातरा आत आले आणि पडद्यासमोर थबकले. त्यांनी दोन ओळी वाचल्या, तिसरी वाचली. माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. मग त्यांनी स्वतः जाऊन माईक उचलला आणि बटण उलट-सुलट दाबत, सवय नसलेल्या आवाजात म्हणाले, "हां, जांभूळखोरे बोलतोय. लिहून घ्या." पातळी सांगितली. माईक जागेवर ठेवला आणि चपला न वाजवता बाहेर गेले.

पडद्यावर नवी ओळ आली होती.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"लहानपणापासून विचारायचे होते. आईलाच कसे विचारू, म्हणून राहिले. आणि तुम्हाला विचारायला आई लागायची."

"विचार," तात्यांनी पुन्हा लिहिलं.

"आईचा आवाज कसा होता?"

तात्यांचं बोट कळफलकावर अधांतरी राहिलं. मोडेमचे दिवे लुकलुकत होते. बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली. तात्यांनी दोनदा बोट खाली नेलं आणि दोनदा वर घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "जन्म गेला आवाजाच्या कामात. नुसतं हॅलो म्हणलं तर कुठल्या धरणावरला माणूस हाय ते मी सांगतो. आता हिला आवाज कसा सांगायचा? गोड हुता म्हणू? गोड म्हणजे ती गुळाला म्हणती."

 

पलीकडून आलं, "नसेल सांगता येत तर राहू द्या."

"थांब," तात्यांनी लिहिलं. आणि मग न थांबता, चुका तशाच ठेवून, लिहीत राहिले. माझ्याकडे एकही अक्षर मागितलं नाही.

"तुला लहानपणी ताप यायचा. तेव्हा तू आईच्या पाठीला गाल लावून झोपायचीस. ती गात असायची. तुला ऐकू येत नाही हे माहीत होते तरी गायची. तेव्हा तुझ्या गालाला जे लागायचे, ते. तो तिचा आवाज."

बराच वेळ गेला. इतका, की लाईन तुटली का म्हणून मी वाकून दिवे पाहिले. दिवे लागलेले होते.

मग अक्षरं आली. या वेळी हळू, अडखळत. जणू तीही एका बोटाने लिहीत होती.

"मला वाटायचे ती कुडकुडते. तिला थंडी वाजते. मी उठून तिच्या अंगावर माझे पांघरूण घालायचे."

तात्यांनी वाचलं. परत वाचलं. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की कसला ते मला कळलं नाही. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि लिहिलं, "आईला कधी कळले नाही तू का घालतेस. मला म्हणायची, तापात सुद्धा पोरीची माया बघा."

मी बाहेर आले. या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही.

मगदूम साहेब व्हरांड्यात उभे होते. समोर धरणाचं पाणी उन्हात पसरलं होतं.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मलाही."

"रिपोर्ट कधी देणार तुम्ही?"

"उद्या, निघताना."

"काय लिहिणार?"

ते मी तोवर ठरवलं नव्हतं. तिथं उभ्याउभ्याच ठरवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टात मी सगळ्या जोडण्या लिहिल्या, प्रोटोकॉल लिहिले, आणि शेवटी एक कलम घातलं: यंत्रं जुनी आणि तार ग्रामीण असल्यामुळे लाईनची दररोज प्रत्यक्ष टाईप करून चाचणी घेणं आवश्यक आहे, आणि लाईनवरचा आवाज ओळखू शकेल असा अनुभवी वायरलेस ऑपरेटर त्यासाठी धरणावर ठेवावा. धंद्यातला माझा पहिला खोटा रिपोर्ट. अगदीच खोटाही नव्हता म्हणा, पंपाचं घुमणं मला ओळखता आलं नव्हतं, हे तर खरंच होतं. वेळ लिहिली होती, साडेअकरा ते पावणेबारा.

मगदूम साहेबांनी तो उभ्याने वाचला. खिशातून पेन काढलं.

"पाव तासात काय होतंय, मॅडम?" ते म्हणाले, आणि पावणेबारा खोडून त्यांनी साडेबारा केलं. खाली सही केली.

तात्यांची बदली थांबली. दोन वर्षं, सुट्ट्या सोडून रोज, जांभूळखोऱ्याच्या लाईनची चाचणी झाली. मंडळ कार्यालयात कधी जाणं झालं की वडणगेकर बाबू मला सांगायचे, तुमची लाईन फार चोख चालते हो, एक दिवस बंद म्हणून नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी पुण्याला आले, नोकऱ्या बदलल्या. दोन हजार सहामध्ये कामासाठी कोल्हापूरला गेले होते, तेव्हा तात्यांचा पत्ता शोधून काढला. रिटायर झाल्यावर ते लेकीकडेच राहायला आले होते. संजीवनीने दार उघडलं. मी कोण हे तिला कळेपर्यंत मी पर्समधून कागद-पेन काढत होते, तोवर मागून तात्या आले आणि त्यांनी हातांनी तिला काहीतरी सांगितलं. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

जेवायलाच बसवलं त्यांनी मला. जावई शेजारी, दोन वर्षांची नात तात्यांच्या मांडीवर. नातीला ऐकू येत होतं. ती आजोबांशी तोंडाने बोलायची आणि आईवडिलांशी हातांनी, मधेच कुणाशी काय ते विसरायची. तात्यांनी भाजी वाढायला सांगितली तर संजीवनी आणि जावई दोघेही हसू लागले. हातांच्या भाषेत ते भलतंच काहीतरी म्हणाले होते. संजीवनीने त्यांचं मनगट धरून बोटं नीट वळवून दाखवली, तसं त्यांनी पुन्हा केलं. मग तिने भाजी वाढली.

"चुकतंय अजून," तात्या मला म्हणाले. "म्हाताऱ्या बोटांना वळण बसत न्हाई लवकर. पण रागावत न्हाई ती. आधी हसून घेती, मग शिकवती."

मग ते मला धरणाचं सांगू लागले. मगदूम साहेबांना बढती मिळाली होती, हौसाबाईंचा पोरगा तलाठी झाला होता, पंपहाऊस पाडून नवीन बांधलं होतं. मी ऐकत होते आणि त्यांच्याकडे पाहत होते. मला चांगलं ऐकू येतं हे त्यांना माहीत होतं. तरी ते माझ्याशी बोलत असताना त्यांचे दोन्ही हात सारखे चालू होते. खांब उभे करत होते, पाणी अडवत होते, माणसं आणत होते, पाठवत होते. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.